घेतो, देतो, येतो

“बोलत पळा गं! जी गप्प बसंल ती चालत येणार!”

एवढं ओरडून काकू उजव्या हाताचा द्रोण करून कानामागे धरायच्या आणि सिमेंटच्या पाइपावर उभ्या राहून ऐकायच्या. पदर कमरेला खोचलेला, पायात नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट. खाली आम्ही पोरी यार्डाला फेऱ्या मारत असायचो आणि प्रत्येकीचं तोंड चालू असायचं. कुणी पाढे म्हणायची, कुणी नळावरचं भांडण पुन्हा एकदा भांडायची, कुणी कालवणात काय घातलं ते सांगायची. शाळेतली कवायत तुम्हीही केली असेल. तिथे मास्तर शिट्टी वाजवून आधी सगळ्यांना गप्प करतात. ह्या बाईच्या शिट्टीनं कलकलाट सुरू व्हायचा.

त्यामागचा हिशोब सरळ होता. पळताना बोलता येतंय, म्हणजे दम शिल्लक आहे. “बोलणं तुटलं की चालायचं. चालता चालता बोलणं परत आलं की पळायचं. त्येला घड्याळ लागत न्हाई,” असं त्या सांगायच्या. सुरुवातीला आमचं बोलणं पहिल्या वळणावरच तुटायचं. पावसाळा संपून थंडी पडेपर्यंत आम्ही पळता पळता एकमेकींच्या चहाड्या सांगण्याइतक्या तयार झालो.

मी पत्रकं म्हणायचे. माझे वडील धरणग्रस्तांच्या चळवळीत होते. आमच्या घरात धान्याच्या कणगीला टेकून पत्रकांचे गठ्ठे असत आणि मी अक्षरं शिकले तीही त्यांवरच. त्यामुळे पाठ असं माझ्याकडे तेवढंच होतं. “बंधू-भगिनींनो, शासनाने वेळोवेळी दिलेल्या आश्वासनांची पूर्तता आजतागायत न झाल्यामुळे…” इथपर्यंत येता येता मला धाप लागायची.

“वाक्य आखूड कर गं!” पाइपावरून आवाज यायचा. “एवढ्या लांब वाक्याला दम कुणाचा पुरतोय?”

माझी वाक्यं आखूड झाली ती तिथं, यार्डात.

घोडेगावच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या रस्त्याला धरणाच्या माणसांसाठी कॉलनी बांधलेली होती. ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. काकूंचे यजमान कालव्याकडचे साहेब. मूळचे दोघंही कोल्हापूरचे. गाव काकूंना ‘सायबीण’ म्हणायचं. माझ्या लेखी त्या धरणाच्या बाई होत्या. आमची भाताची खाचरं पाण्याखाली गेली होती आणि ह्यांची क्वार्टर पाण्याच्या काठावर होती, नळासकट. त्यांच्या दारात पाऊल टाकायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

मला तिथे ओढून नेलं ते अलकानं. अलका शेजारच्या घरातली, माझ्याहून थोडी मोठी, शाळेच्या खो-खो संघाची कप्तान. ती म्हणाली, “सायबीण पोरींना फुटबॉल शिकावती. फुकाट. तू नुसती बघाया चल.” मी नुसती बघायला गेले. काकूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बॉल माझ्या पायाशी ढकलला आणि म्हणाल्या, “दे की परत.”

मी परत दिला. झालं.

कोल्हापूरच्या ज्या पेठेत त्या वाढल्या तिथे म्हणे मूल पाळण्यातच लाथा झाडून सराव करतं. त्यांचे भाऊ तालमीच्या फुटबॉल संघातून खेळायचे. काकू गल्लीत भावांबरोबर खेळल्या, आणि मग एक दिवस घरच्यांनी सांगितलं, आता तू मोठी झालीस. त्यानंतरच्या साऱ्या मॅच त्यांनी गच्चीवरून पाहिल्या. हे सांगताना त्यांचा आवाज कधी रडवेला झाला नाही. “गच्चीवरनं लई चांगलं दिसतंय,” त्या म्हणायच्या. “कोण कुठं मोकळा हाय त्ये खालच्याला कळत न्हाई.”

यार्ड म्हणजे धरणाचं काम उरकल्यावर राहिलेलं सामान टाकायची जागा. चारी बाजूंना भिंत, मध्ये बैलगाडी वळवता येईल त्याहून थोडं जास्त अंगण, आणि कडेला सिमेंटचे मोठाले पाइप आडवे पडलेले. त्यातल्याच दोन पाइपांची तोंडं हे आमचे गोल. बॉल आरपार गेला की गोल. गोलकीपर नाही. एका बाजूला तीन पोरी, दुसऱ्या बाजूला तीन, बाकीच्या भिंतीवर. थोडा वेळ झाला की भिंतीवरच्या खाली आणि खालच्या वर.

मी विचारलं होतं, “काकू, फुटबॉलला अकरा जणी लागतात ना?”

“अकरा लागत्यात. पण अकराजणींत दोघी खेळत्यात आणि नऊजणी बघत्यात. हितं तिघींत कुणाला लपायला जागा न्हाई.”

हे मी पुढे फार ठिकाणी पाहिलं. मोठ्या सभेत मागच्या रांगेत बसून ‘झिंदाबाद’ म्हणता येतं. तिघांच्या बैठकीत काम अंगावर घ्यावंच लागतं. यार्डात तर दर दुसऱ्या क्षणाला बॉल पायाशी यायचा. घाबरून बॉल टोलवायचा तर भिंतीवर आपटून परत आपल्याच अंगावर. मग हळूहळू तळव्यानं दाबून थांबवायला शिकलो, पायाच्या आतल्या कडेनं द्यायला शिकलो, बॉल येण्याआधी मान वळवून बघायला शिकलो.

पण त्याआधी आमचं खो-खो जाईना. पहिल्या दिवशी अलकानं बॉल पुढे दिला, जोरात ‘खो!’ म्हणाली आणि मटकन खाली बसली. जिला बॉल मिळाला ती सरळ पळत सुटली आणि मागे वळायला तयारच होईना, कारण खो-खोत एकदा दिशा धरली की वळणं म्हणजे फाऊल. ती भिंतीपर्यंत गेली, भिंतीला हात लावला आणि तिथेच उभी राहिली. काकूंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या पाइपावर बसल्या.

“अगं, बसलीस का?”

“खो दिला की,” अलका म्हणाली.

“दिलास, बरं केलंस. पण देऊन बसायचं न्हाई. देऊन पळायचं. तुझं काम आता कुठं सुरू झालंय.”

कितीतरी दिवस यार्डात पास दिला की एक पोरगी खाली बसलेली दिसायची आणि काकू तिला दंडाला धरून उठवायच्या. शेवटी त्यांनी ‘खो’ हा शब्दच काढून टाकला आणि त्या जागी तीन शब्द दिले. बॉल आपला असेल तर ‘घेतो!’ द्यायचा असेल तर ‘देतो!’ मैत्रिणीच्या मदतीला धावत असू तर ‘येतो!’ शब्द उच्चारल्याशिवाय बॉलला पाय लावायचा नाही.

तुमच्या लक्षात आलं असेल. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलतात. त्यांच्यात ते आईकडून लेकीकडे येतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आमच्या जुन्नर-आंबेगावकडे बाई ‘जाते’ म्हणते. पहिले काही दिवस आम्ही काकूंच्या माघारी नक्कल करून हसलो. मग पळता पळता तेच तोंडात बसलं. दम लागलेला असताना माणूस व्याकरण बघत नाही. आणि काकूंचं एक म्हणणं मला आजही पटतं. “‘तो’ला दणका हाय. ‘ते’ लांबत जातंय, तवर बॉल गेलेला असतोय.”

ह्या सगळ्याला आम्ही ‘तास’ म्हणायचो. शाळा सुटल्यापासून संध्याकाळच्या पाण्याला जाईपर्यंतचा वेळ. ज्यांच्या घरात पोरी आहेत त्यांनी एकदा नीट बघावं, की त्या पोरीच्या दिवसातला कोणता वेळ तिचा स्वतःचा असतो. सकाळ चुलीची, दुपार शाळेची, संध्याकाळ हंड्याची, सुट्टी शेताची. खेळायला म्हणून पोरगी घराबाहेर पडली, असं आमच्या वाडीत कुणी ऐकलेलं नव्हतं. काकूंनी ‘तास’ म्हटल्यामुळे घरच्यांना ते शिकवणीसारखं वाटलं. “तासाला चालली,” म्हणलं की आई उंबऱ्यातून बाजूला व्हायची. तेवढ्या वेळात आम्हाला कुणी हाक मारत नव्हतं. हे किती मोठं होतं, ते ज्यांना दिवसभर कुणीतरी हाका मारत असतं त्यांनाच कळेल.

एका रविवारी काकू आम्हाला एसटीनं लेण्याद्रीला घेऊन गेल्या. देवाचं निमित्त, म्हणून घरून नाही म्हणाले नाहीत. अट तीच, पायऱ्या बोलत चढायच्या. चढणारी माणसं कठड्याला टेकून धापा टाकत होती आणि आमची दिंडी गप्पा हाणत वर. मध्येच एका माकडानं अलकाच्या हातातला नारळ ओढला. अलका ‘घेतो!’ करून अशी झेपावली की माकडानं नारळ टाकला आणि कठड्यावर जाऊन बसलं.

उतरणारी एक म्हातारी थबकली. “आगं, बाप्यावानी काय वरडतीस?”

“आजी, नारळ परत घेतो म्हनलं,” अलका म्हणाली.

म्हातारीनं काकूंकडे पाहिलं. “ह्या कुटल्या गं पोरी?”

“माझ्याच हायत,” काकू म्हणाल्या. वर गेल्यावर गणपतीसमोर हात जोडून त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “पोरींचा तास चालू दे रे बाबा. बाकीचं तुझं तू बघ.”

पुढच्या उन्हाळ्यात अलकाला बघायला बोरी बुद्रुकहून पावणे आले. बागायतदार घर, मुलगा कारखान्यात. अलका सतरा वर्षांची होती. कायदा काय म्हणतो ते आमच्या घरातल्या पत्रकात छापलेलं होतं, पण ते वाचून कुणी पावण्यांना परत पाठवत नसतं. अलकाला साडी नेसवली, पाटावर बसवलं. नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळं नीट पार पडलं. मुलाच्या आत्यानं प्रेमानं विचारलं, “च्या कुनी केला गं?”

“मी केलो,” अलका म्हणाली. आणि आत्या हसताहेत हे बघून गडबडली, उठली आणि म्हणाली, “अजून आणतो.”

पावण्यांत हशा पिकला. नवरा मुलगाही हसला. वाईट कुणी बोललं नाही. चार दिवसांनी निरोप आला, जमत नाही. कशामुळे जमत नाही ते निरोपात नव्हतं. हुंड्यामुळे असेल, पत्रिकेमुळे असेल. पण वाडीत कारण ठरून गेलं.

दुसऱ्या दिवशी तासाच्या वेळेला अलकाचे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, आणखी चारपाच जणांना घेऊन यार्डात आले. खेळ थांबला. आम्ही भिंतीला टेकून उभ्या राहिलो. अलका आलीच नव्हती.

“सायबीणबाई,” आण्णा म्हणाले, “तुमी पोरी पळवता, आमी कदी काय बोललो न्हाई. पन त्यांची जीभ कशापायी पळवली?”

“अहो आण्णा, माझी जीभच तशी हाय. मी काय मुद्दाम शिकवलं न्हाई.”

“तुमच्याकडं चालत आसंल. आमच्याकडं बाईमानूस ‘जातो’ म्हनली का लोकं हसत्यात. हसली का न्हाई? माज्या दारात हसली.”

“उद्या म्हनतील, मी दाढी करतो,” मागून एकजण बोलला.

पुरुष हसले. काकू हसल्या नाहीत. आण्णाही हसले नाहीत. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यात राग कमी आणि लाज जास्त होती. ते म्हणाले, “माजी पोर तर यायची न्हाई. बाकीच्यांचंबी त्येच. तास बंद करा.”

“बघतो,” काकू बोलून गेल्या, आणि पुरुष पुन्हा हसले.

मी घरी गेले आणि एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा, ‘जीभ आमची, तास आमचा!’ खाली तीन आखूड परिच्छेद. हुकूमशाही, पुरुषी अहंकार, सतराव्या वर्षी लग्न लावणाऱ्यांचा ढोंगीपणा, काही म्हणून सोडलं नाही. वडिलांनी वाचून एक शब्द दुरुस्त केला आणि छापायला होकार दिला. मी ते घेऊन काकूंच्या क्वार्टरवर गेले.

त्यांनी ओट्यावर बसून सगळं वाचलं. काही ओळी दोनदा वाचल्या.

“कडक लिहिलंयस. ‘हुकूमशहा’ म्हंजे आण्णा व्हय?”

“हो.”

“त्यो परवा माझ्याकडं बॉलचा पंप मागायला आलता. सायकलीत हवा भरायला. हुकूमशहा म्हणलं तर पंप परत देणार न्हाई.”

मला चीड आली. “तुम्हाला विनोद सुचतोय, काकू. आज जीभ, उद्या…”

“बस की. ऐक.” त्यांनी कागद माझ्या मांडीवर ठेवला. “हे वाटलं की काय व्हईल? चर्चा व्हईल. चावडीवर, दुकानात, सगळीकडं. आणि चर्चा चालू असताना पोरी कुठं असतील?”

मी मांडीवरच्या कागदाची घडी घातली.

“घरात असतील,” त्या म्हणाल्या. “तू खरं लिहिलंयस, त्यात खोट न्हाई. पण मला तास पाहिजे. चल माझ्यासंगं.”

अलकाच्या घरी तिची आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. आण्णा खांबाला टेकून बसले होते. आतल्या खोलीच्या दारात अलकाचा पाय दिसत होता. आईनं मान वर केली नाही. “माज्या पोरीला गावभर बाप्या करून ठिवली,” ती सुपाकडे बघतच म्हणाली.

काकू तिच्या शेजारी बसल्या आणि सुपातले खडे वेचायला लागल्या. “माझी आई तसंच बोलती. आजी तसंच बोलायची. पाच पोरं झाली आजीला, पण कुणी तिला बाप्या म्हणलं न्हाई.”

आईला हसू फुटलं, ते तिनं पदरात लपवलं. आण्णा मात्र म्हणाले, “तुमचं खरं आसंल बाई. पन आमाला ह्याच मुलखात पोरी द्यायच्यात.”

काकूंनी दोनतीन खडे अंगणात टाकले. मग म्हणाल्या, “बरं. मी बदलतो.” आणि थांबल्या. घसा साफ केला. “बदलते. मी बदलते. आजपासनं पोरी ‘घेते, देते, येते’ म्हणतील आणि मीबी तसंच बोलीन. पण तास बंद व्हायचा न्हाई, आणि अलका येणार.”

“हितं एक आन् घरी गेल्यावर दुसरं, आसं नको,” आण्णा म्हणाले. “पोरींचे कान तिखट आसत्यात.”

“कुठंच बोलणार न्हाई. हितं न्हाई, घरात न्हाई, माहेरी न्हाई. शब्द देते. तुमीबी द्या.”

आण्णांनी नखानं खांबाचा रंग खरवडला. मग म्हणाले, “जाऊ द्या तिला.” आतल्या दारातला पाय हलला.

परत येताना मी काकूंशी भांडले. मी म्हणाले, आईनं दिलेली भाषा माणूस अशी टाकून देतं? आज तुम्ही वाकलात, उद्या ते म्हणतील बूट नकोत, परवा म्हणतील पळणं नको. आपण हरलो.

त्या रागावल्या नाहीत. “जीभ माझी हाय. मी दिली. तुझं पत्रक मी फाडलं का?”

“नाही.”

“उद्या तास हाय का न्हाई?”

“आहे.”

“मग हरलो कशात?”

त्या हरल्या नव्हत्या हे मला पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. कुणाची तरी जीभ दिल्याशिवाय पोरींना दिवसातला एक तास मिळत नसेल, तर तो व्यवहारच घाणेरडा आहे, हे मी आजही छापायला तयार आहे. पण अलका दुसऱ्या दिवशी यार्डात आली होती. बॉल मिळताच ‘घेतो’ तिच्या ओठांवर आलं, ते तिनं गिळलं, ‘घेते’ म्हणाली, तोवर समोरचीनं बॉल नेला होता. सगळ्या जणी हसल्या. अलका पण हसली आणि बॉलमागे धावली.

काकूंची तर फार ओढाताण व्हायची. नवीन चपलेनं चालावं तसं त्या बोलायच्या. खेळात रंगल्या की “अगं, मी काय सांगतो,” असं म्हणायच्या आणि जीभ चावायच्या, “सांगते.” त्यांचे यजमान एकदा माझ्या वडिलांना म्हणाले, “आमच्या घरात पुण्याची बाई राहायला आलीय. माझ्याशी भांडली तरी ‘जाते’ म्हणती.” धरणाचे साहेब आणि धरणग्रस्तांचे कार्यकर्ते त्या दिवशी एका बाकावर चहा पीत होते. तेही तासामुळेच घडलं.

कुणीही वाकून ऐकत नसतानासुद्धा त्यांनी शब्द मोडला नाही. आण्णांनीही मोडला नाही. अलकाला पुढची दोन वर्षं तासाला येता आलं. मग तिचं लग्न झालं, ओतूरकडे, आणि तेव्हा तिचं वय कायद्यात बसत होतं. मांडवात काकू तिच्या करवलीसारख्या मिरवल्या.

मग साहेबांची बदली झाली. टेम्पोत सामान भरलं, काकू पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. बॉल आणि पंप माझ्याकडे दिले. रडारड त्यांनी होऊ दिली नाही. “पाय थंड पडू देऊ नका,” एवढं बोलल्या आणि टेम्पो घाटाकडे वळला.

आम्ही तास काही काळ चालवला. मग यार्डातले पाइप कुणीतरी लिलावात नेले. जागेला तारेचं कुंपण पडलं. पोरींची लग्नं झाली. मी पुण्याला कॉलेजात गेले. तास कुणी बंद केला असता तर निदान पत्रक काढता आलं असतं. पण तो विरत गेला, आणि विरणाऱ्या गोष्टीवर मोर्चा नेता येत नाही.

दोन हजार सालानंतर धरणग्रस्तांच्या एका बैठकीसाठी मी कोल्हापूरला गेले. बैठक दुपारी संपली. काकूंच्या पेठेचं नाव मला पाठ होतं, तालमीजवळचं घर म्हणून विचारत गेले, तर पोरांनी थेट दारात आणून सोडलं. काकूंच्या भावजयीनं दार उघडलं. मी कुठली ते सांगितलं.

“त्या फुटबॉलच्या पोरीतली व्हय? ये की आत. मी च्या टाकतो.”

घरात ‘तो’ ऐकून मला एकदम आमचं यार्ड दिसलं. काकू तिथे नव्हत्या. यजमानांबरोबर आता खानदेशात होत्या. “तिथंबी धरणच,” भावजय म्हणाली आणि कप माझ्यासमोर ठेवला.

“तुमच्याकडनं आली ती लई बदलून आली बघ. धाकट्या दिराच्या लग्नात मला म्हणाली, ‘वैनी, पाट मी मांडते.’ बायका पोट धरून हसल्या. पुणेरी झाली, पुणेरी झाली. सासूबाई तर चिडल्याच. म्हणाल्या, माझ्या लेकीची जीभ कुणी बदलली?”

“मग काकू काय म्हणाल्या?”

“काय म्हणणार? म्हणाली, शब्द दिलाय आई. तिकडं पोरींचा तास हाय, त्यो ह्याच्यावर चाललाय. सासूबाई गेल्या तवाबी आली, तर रडतानाबी तसंच बोलली.” तिनं कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. “चालू हाय न्हवं तुमचा तास?”

माझ्या हातातला चहा गरम होता. “नाही,” मी म्हणाले. “बंद पडला. बरीच वर्षं झाली.”

ती ताडकन उठली. “अगं, मग सांग की तिला! सुटंल बिचारी.”

कोपऱ्यातल्या फोनवर तिनं नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. तिकडे घंटी वाजायला लागली. मी मनात वाक्य जुळवत होते. काकू, मी बोलतेय. काकू, तास… पुढचं वाक्य कितीही आखूड केलं तरी मला जमेना. घंटी वाजत राहिली.

बाहेर उन्हं उतरली होती. गल्लीत पोरांचा बॉल भिंतीवर आपटत होता.

“ह्या टायमाला कवाच उचलत न्हाई बघ ती,” भावजय माझ्या कपाखालची बशी उचलत म्हणाली. “उन्हं कलली, तिथली शाळा सुटली की घराला कुलूप लावून बाहेर. कुठं जातीस म्हणून विचारलं की म्हणती, पाय मोकळे करते. त्यो बूट बघितलायस का तिचा? चार महिन्यांत फाटतोय. ठेव आता, रात्रीला लावतो मी.”

मी रिसीव्हर ठेवला नाही. तिकडे त्या बंद घरात फोन वाजत होता, पुन्हा पुन्हा, आणि तो कुणीही उचलू नये म्हणून मी कान लावून उभी होते.